सोमवारी कामावर जाणाऱ्यांचं औषध

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेल्या मुलीला मी आधीच सांगितलं होतं की माझी नोकरी वाचून कुणाला फराळ गोड लागणार नाही. मी ॲन आर्बरला, विद्यापीठाच्या एका इमारतीच्या तळघरात, उंदरांचे पिंजरे धुवायचे. ती म्हणाली, "काकू, तेच लिहा. इंजिनियरांचे अनुभव दर वर्षी येतात." म्हणून लिहिते आहे. चौथी शिकलेली बाई आहे, शब्दांची नक्षी शोधू नका.

लातूरला आमचं घर डाळमिलच्या मागे होतं. नवरा बाजार समितीत मापाडी. तो गेल्यावर मुलाने इकडे अमेरिकेत आणलं, नातवंडं सांभाळायला. नातवंडं शाळेत जायला लागली आणि दुपारी घरात आवाज करायला मी आणि फ्रीज दोघंच उरलो. तेव्हा कळलं की एक ठेकेदार पिंजरे धुवायला माणसं शोधतोय. मुलाला लाज वाटली, सुनेला वाटली नाही. तीच गाडीतून घेऊन गेली. तिथल्या साहेबाने विचारलं, उंदरांची भीती वाटते का? मी म्हटलं, डाळमिलच्या मागे संसार केलाय, भीती त्यांना वाटते. सुनेने त्याचं इंग्रजी केलं, साहेब हसला, काम मिळालं.

काम असं. पिंजरा म्हणजे प्लास्टिकचा डबा, वर जाळी, आत भुसा. घाण झालेला भुसा खरवडून पिशवीत भरायचा, डबे मोठ्या यंत्रात घालायचे, यंत्रातून निघाले की कोरडे करून नवा भुसा घालायचा. उंदीर पांढरे, लाल डोळ्यांचे, स्वच्छ. लातूरच्या उंदरांशी त्यांचं काही नातं नाही. चावत नाहीत, पळत नाहीत, हातावर घेतलं तर बसून राहतात. त्याचंच वाईट वाटायचं. काम संपलं की त्यांना मारतात. ते मी कधी बघितलं नाही, पण रिकामे डबे माझ्याकडेच यायचे.

आपल्या लोकांना माझी नोकरी समजली की दोन प्रकार व्हायचे. काही जणी माझ्या हातचं खायला कचरायच्या. आणि काही जण हळूच बाजूला घेऊन विचारायचे, "काकू, आमच्या आजोबांचा काढा आहे, तुमच्या उंदरांना जरा पाजून बघता का?" एका गृहस्थांनी तर संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायकोच्या हाती तेलाची बाटली पाठवली होती. मी सांगायचे, मी पिंजरे धुते, उंदीर माझे नाहीत. त्यांना वाटायचं, म्हातारी भाव खाते.

काढा खरोखर उंदरांना पाजणारी बाई मात्र आमच्याकडे होती. तिचं आडनाव हान. कोरियाची, लहानपणी आईवडिलांबरोबर शिकागोला आलेली, चाळिशीच्या आतबाहेरची. ऋचा नावाची पुण्याची मुलगी तिच्या हाताखाली शिकत होती. ती मला काकू म्हणायची, म्हणून हानही काकू म्हणायला लागली. काकू हे माझं नाव आहे असंच तिला बराच काळ वाटत होतं. मी तिच्याशी मनात मराठीत अगं-तुगं करायचे, म्हणून इथेही तसंच लिहिते.

हानच्या वडिलांचं शिकागोत जडीबुटीचं दुकान होतं. त्यांच्या वडिलांचंही कोरियात तेच. त्यांच्या घराण्याचा एक काढा होता, सांधे सुजतात त्यावर. डोंगरातलं एक कडू मूळ, आणखी चार-पाच मुळ्या, आलं आणि वाळवलेली लाल बोरं. रात्रभर मंद आचेवर उकळायचं. पूर्वी लोक घरी उकळायचे, आता दुकानदारच उकळून छोट्या पाकिटांत बंद करून देतात. गरम पाण्यात पाकीट सोडायचं, कोपरा कापायचा, प्यायचं. चव कारल्याच्या पाण्यात माती कालवल्यासारखी.

त्या काढ्याने सूज उतरते का, हे हानला सिद्ध करायचं होतं. सूज मोजायची पद्धत साधी आहे, ऋचाने मला दाखवली होती. उंदराच्या मागच्या पावलात समुद्राच्या शेवाळापासून काढलेलं एक द्रव्य टोचायचं. दोन-तीन तासांत पाऊल टम्म फुगतं. मग ते पाऊल पाण्याच्या नळीत बुडवायचं. पाणी जेवढं वर चढेल तेवढी सूज. काही उंदरांना आधी काढा पाजलेला, काहींना नुसतं पाणी, काहींना दुकानात मिळते ती सूज उतरायची गोळी. मोजणाऱ्याला कुठल्या उंदराला काय दिलंय ते सांगायचं नाही, नाहीतर डोळे मनाला हवं ते बघतात.

हान ही परीक्षा का घेत होती ते सगळ्यांना माहीत होतं. तिची नोकरी कायम होणार की नाही हे या कामावर ठरणार होतं. पण खरं कारण दुसरं होतं. तिचे वडील पंचवीस-तीस वर्षं इथल्या डॉक्टरांकडून "झाडपाला विकणारा म्हातारा" हे ऐकत आलेले. ती शिकली, मोठी झाली, ते कशासाठी, तर एक दिवस त्यांच्यापुढे छापील कागद ठेवायचा होता: अप्पा, हे बघा, तुमचं औषध खरं आहे. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. वडिलांकडून पाकिटांची पेटी आली की ती ज्या तऱ्हेने उघडायची त्यावरून कळायचं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तिने काढा स्वतः उकळला नाही. वडिलांची पाकिटं तशीच वापरली. ऋचा एकदा म्हणाली होती की आपण मुळं आणून इथे उकळू. हान म्हणाली, अप्पांच्या हातचं कुणाला जमत नाही. माझ्या सासूचं पुरण मला जमलं नाही, तेव्हा मलाही ते पटलं. पाकिटात मुळाचे सगळे अंश आहेत का हे तिने यंत्रात तपासून घेतलं होतं. होते. जे आत नसणारच ते कोण शोधतं?

पहिल्या खेपेलाच काढा जिंकला. पाणी प्यालेल्या उंदरांची पावलं फुगलेली, काढा प्यालेल्यांची जवळजवळ सपाट, गोळीवाल्यांपेक्षाही बरी. हानने परत केलं, तेच आलं. तिसऱ्यांदा केलं, तेच. ऋचाने केक आणला. मला तळघरातून वर बोलावलं आणि माझ्या हातात प्लेट दिली. ती माझ्या हातातून पडली.

माझ्या बोटांची गोष्ट आता सांगावी लागेल. ओल्या भुशाने आणि गरम पाण्याने नव्हे, ते दुखणं आतलं होतं. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. सकाळी मूठ वळायची नाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या आणि नीट सांगितलं होतं की हे स्टेरॉईड आहे, थोडे दिवस घ्या, माझ्या देखरेखीखाली घ्या. मी दोन घेतल्या आणि बाकीच्या कमोडमध्ये ओतल्या. इंग्रजी औषध उष्ण पडतं. माझ्या आईने सांगितलं, सासूने सांगितलं, बस्स.

प्लेट पडल्यावर हानने माझा हात हातात घेऊन बघितला. दुसऱ्या आठवड्यात शिकागोहून माझ्यासाठी वेगळी पेटी आली. प्रयोगाची नव्हे, तिच्या वडिलांनी भेट म्हणून पाठवलेली. मुलीबरोबर काम करणाऱ्या वयस्क बाईला.

आठ दिवसांत माझी मूठ वळली. मी कणीक मळली. दोन वर्षांनी स्वतःच्या हाताने वेणी घातली. हे लिहिताना मला कुणाची कीव नको आहे, फक्त एवढं सांगते की ज्याला दुखलं नाही त्याला कणीक मळण्याचा आनंद कळायचा नाही. भूक लागायला लागली. चेहरा भरला, गाल गोल झाले. गणपतीत बायका म्हणाल्या, "काकू, अमेरिका शेवटी मानवली तुम्हाला." मी कोरियाच्या जडीबुटीचे गोडवे गात होते. सूनबाई म्हणाली, आई, एकदा डॉक्टरांना विचारा. मी म्हटलं, झाडाच्या मुळाला काय विचारायचं? साखर वाढली होती, तिचा दोष मी दिवाळीच्या करंज्यांना दिला.

मग हानने लांब पल्ल्याचं काम घेतलं. उंदरांना रोज काढा, कित्येक आठवडे. सूज येतच नव्हती. पण काढ्याच्या उंदरांचा भुसा सारखा भिजायचा, मला डबे दुप्पट धुवावे लागायचे. ते रोडावले, त्यांच्या अंगावरचे केस विरळ झाले. ऋचा म्हणाली, डोस जास्त होतोय. हान रोज वजनं घ्यायची आणि वहीत लिहायची. शेवटी उंदीर कापून आतलं बघितलं, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी सुकून बारीक झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिने एक पाकीट तपासणीला पाठवलं आणि या वेळी एकच गोष्ट शोधायला सांगितली.

ती तळघरात आली तेव्हा मी यंत्रातून डबे काढत होते. यंत्राच्या आवाजात ऐकू येईना म्हणून तिने स्वतःच बटण दाबून ते बंद केलं.

"काकू, तुम्ही किती महिने पिताय?"

मी सांगितलं.

"एकदम बंद करायचं नाही. ऐकताय ना? एकदम नाही. आज माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं."

मी विचारलं, त्या मुळात विष निघालं का? ती म्हणाली, मूळ ठीक आहे. काढ्यात स्टेरॉईडची पूड आहे. डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांच्याच घराण्यातली, त्याहून जहाल. मी कमोडमध्ये ओतलं होतं तेच मी मोठ्या श्रद्धेने रोज सकाळी गरम करून पीत होते.

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती उलट्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "पाकिटं अप्पा स्वतः भरतात. दुसरं कुणी नाही."

शिकागोला जाताना तिने मला बरोबर नेलं. कारण तिने सांगितलं नाही, पण मला सांगायला नको होतं. आमच्याकडेही कठीण बोलणं असलं की एखादी पिकली बाई बरोबर नेतात. परक्या म्हातारीसमोर बाप हात उगारत नाही आणि मुलगी रडत नाही. चार-पाच तासांच्या रस्त्यात ती दोनच वाक्यं बोलली, आणि ती दोन्ही माझ्या पाठीला उशी हवी का याबद्दल.

दुकान छोटं, नीट. भिंतभर लाकडी खण. तिचे वडील माझ्यापेक्षा थोडे मोठे, ताठ, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी वाकून नमस्कार केला, माझी बोटं बघितली आणि खूश झाले. आतल्या खोलीत बसवलं आणि एक मोठं नासपती सोलायला घेतलं. साल अखंड काढत होते. हान त्यांच्याशी कोरियनमध्ये बोलली, हळू, मान खाली घालून. मला शब्द कळत नव्हते, पण साल तुटली ते दिसलं.

ते फोडी करायला लागले. मग उत्तर इंग्रजीत दिलं. मलाही कळावं म्हणून दिलं असेल, किंवा मुलीकडे बघायला लागू नये म्हणून.

ते म्हणाले, "माझ्याकडे कोण येतं? लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाया. हॉटेलात भांडी घासणारे. ते शनिवारी येतात, हात सुजलेले असतात, आणि सोमवारी कामावर जायचं असतं. मुळाला सहा महिने लागतात. त्यांच्याकडे रविवार असतो."

हान काहीतरी म्हणाली. ते म्हणाले, "थोडी घालायचो. अगदी थोडी."

मग मी बोलले. माझं इंग्रजी पिंजऱ्यांपुरतं आहे, तरी बोलले. म्हटलं, तुम्ही मला सांगायला हवं होतं. प्यायचं की नाही ते मी ठरवलं असतं.

"सांगितलं असतं तर तुम्ही प्याला असता?"

"नाही."

"तुमचे हात चांगले झाले?"

"झाले."

त्यांनी फोडींची बशी माझ्यापुढे सरकवली. हात चांगले झाले म्हणून ते बरोबर होते असं मी म्हणणार नाही. माझी साखर अजून उतरलेली नाही.

हानने त्यांना विचारलं ते मात्र मला कळलं, कारण तिनेही आता इंग्रजीच धरलं होतं. "अप्पा, लोकांना बंद कसं करायला सांगता?"

ते म्हणाले, "बरं वाटलं की बंद करतात."

"एकदम?"

"एकदम."

तिने त्यांना समजावून सांगितलं. बाहेरून पूड येत राहिली की शरीर तसलंच द्रव्य स्वतः बनवायचं सोडून देतं. मग बाहेरची एकदम थांबली तर माणूस कोसळतो. ती शिकवायला उभी राहिल्यासारखी बोलत होती, आवाज सपाट. त्यांनी सुरी खाली ठेवली. मग कोरियनमध्ये काहीतरी पुटपुटले. हानने मला ते परतताना गाडीत सांगितलं. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम करणारी एक बाई त्यांच्याकडे बरीच वर्षं यायची. ती बरी झाली आणि यायची थांबली. मग तिची मुलगी आली आणि म्हणाली, आई घरात पडली आणि गेली. त्यांनी फळांची टोपली पाठवली होती. हृदय असेल असं त्यांना वाटलं होतं. हानला त्यांनी विचारलं, ते हृदय होतं का? हान म्हणाली, माहीत नाही. आता ते कुणालाच कळणार नाही.

दुकान त्यांनी स्वतःच बंद केलं. पण आधी जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करून सांगितलं की डॉक्टरकडे जा आणि अमुक औषध पोटात आहे म्हणून सांगा. हानने शेजारी बसून ते करून घेतलं. कित्येकांनी त्यांनाच शिव्या दिल्या. पूड घातली म्हणून नव्हे, बंद करता म्हणून. एका बाईने विचारलं, आता सोमवारी मी काय करू?

हानने विद्यापीठात सगळं सांगितलं. छापायला पाठवलेलं काम परत घेतलं. वडिलांचं नाव झाकता आलं असतं, बाजारातून आणलेला काढा होता म्हणाली असती तर कुणी तपासलं नसतं. तिने झाकलं नाही. नोकरी कायम झाली नाही. ऋचा दुसऱ्या बाईंच्या हाताखाली गेली, जाताना खूप रडली आणि मला मिठी मारली, तशा मुली मारतात. काढ्याच्या उंदरांचे डबे एका दुपारी सगळे एकदम आले. मी धुतले. औषध हळूहळू कमी करत होते, बोटं परत गड्ड्यासारखी होत होती. पुढे काही महिन्यांनी मीही काम सोडलं.

पण त्याच्या आधी हानने एक शेवटचं काम केलं. हाती राहिलेल्या महिन्यांत तिने मुळं आणली, आलं आणलं, बोरं आणली आणि वडिलांना फोनवर विचारत, ते सांगतील तसा काढा स्वतः उकळला. मजल्यावर त्याचा वास पसरला, लोकांनी तक्रार केली. वडील फोनवर पाणी किती, आच किती हे एवढ्या बारकाईने सांगायचे की मला कळलं, या माणसाच्या मनात अजून एक गोष्ट शिल्लक आहे. पूड खोटी होती हे त्यांनी मान्य केलं होतं. मूळ खोटं असेल हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. पूड त्यांनी घाईसाठी घातली होती. मूळ त्यांच्या बापाचं होतं.

हानने पावलं मोजली, परत मोजली. काढ्याचे उंदीर आणि पाण्याचे उंदीर यांत काही फरक नव्हता. ती म्हणाली, काकू, उंदीर म्हणजे माणूस नव्हे, एवढ्याने सगळं ठरत नाही. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, पण माझ्याकडे एवढंच आहे.

वडिलांचा फोन आला तेव्हा मी तिच्या खोलीत होते. तिने मला बसायला सांगितलं. ती दोन-तीन वाक्यं बोलली. पलीकडून त्यांनी काहीतरी विचारलं आणि तिने फोन हाताने झाकून माझ्याकडे बघितलं.

"ते विचारतायत, मग माझे वडील लोकांना काय देत होते?"

मी आयुष्यभर तोंडावर आलेलं बोलत आले. सुनेला, मुलाला, साहेबाला. त्या दिवशी मी खिडकीबाहेर पार्किंगमध्ये बर्फ लोटणारी गाडी बघत बसले. तिने फोनवरचा हात काढला आणि म्हणाली, मला माहीत नाही, अप्पा. एवढं कोरियन मलाही तोवर कळायला लागलं होतं.

हान आता शिकागोतच एका कॉलेजात शिकवते, उंदीर नाहीत. वडील तिच्याकडेच राहतात. ती सांगते, ते अजून रोज पहाटे उठून ते मूळ उकळतात. नुसतं, पूड न घालता. स्वतःसाठी, त्यांचे गुडघे गेलेत. मी तिला विचारलं, काही फरक? ती म्हणाली, नाही. दुखतातच. तरी वाटी रिकामी करतात.